कशावरून?

खैरलांजीचे नाव निघाले की आपल्या भंडारा जिल्ह्यात अजून एक वाक्य कानावर येते, "बाईचेच काही तरी असेल." आमचा कोंढा पवनी तालुक्यात आणि खैरलांजी मोहाडी तालुक्यात, पण वाक्य सगळीकडे सारखेच. बोलणाऱ्यांत बायकाही असतात. कशावरून, असे विचारले की उत्तर मिळते, "सगळेच म्हणतात."

घडले ते असे. सप्टेंबर 2006 च्या सुरुवातीला शेजारच्या गावच्या पोलीस पाटलांना मारहाण झाली. भोतमांगे घरातल्या मायलेकींनी मारणाऱ्यांना ओळखले आणि पोलिसांसमोर तसे सांगितले. 29 सप्टेंबरला ते आरोपी जामिनावर सुटले. त्याच संध्याकाळी त्या दोघी आणि घरातले दोन मुलगे मारले गेले. कारण म्हणून गावोगाव फिरले मात्र बाईचे चारित्र्य. पुरावा कोणी मागितला नाही, कारण ही गोष्ट लोकांच्या मनात आधीच तयार होती, फक्त नाव घालायचे बाकी होते.

मैत्रिणींनो, इथवर आपले एकमत आहे. पुढचे जरा जड जाईल. आपल्या पत्रकांत आणि भाषणांत बलात्कार सिद्ध झाल्यासारखा सांगितला जातो. न्यायालयाच्या निकालात तसे नाही. पहिल्या शवविच्छेदनावर गंभीर आक्षेप आले, पुरलेली प्रेते उकरून पुन्हा तपासावी लागली, हेही तितकेच खरे. म्हणजे दोन्ही वाक्ये बरोबरीने बोलायला हवीत. एकच बोललो तर आपणही "सगळेच म्हणतात" याच वाटेने गेलो.

आणखी एक गोष्ट आपण गाळतो. त्या जमावात बायकाही होत्या, असे सत्यशोधन अहवालांत नोंदले आहे. बाई बाईचे दुःख जाणते, ही आपली आवडती समजूत. खैरलांजीत ती जातीपुढे टिकली नाही. समजूत सोडा असे मी म्हणत नाही, पण ती कुठे तुटते ते मांडल्याशिवाय दलित मैत्रिणींनी आपल्यावर विश्वास का ठेवावा?

भंडाऱ्याच्या न्यायालयाने 2008 मध्ये आठ जणांना दोषी धरले आणि त्यांतल्या सहा जणांना फाशी सुनावली. 2010 मध्ये नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी 25 वर्षांची कैद दिली. दोन्हीकडे कारण सूडाचे धरले, ॲट्रॉसिटी कायदा लागला नाही. हे मला पटत नाही. साक्षीचा राग दोन-चार माणसांना येतो. एका बौद्ध घरावर जमाव चालून जातो तेव्हा ते घर कोणाचे आहे हे विसरून तो गेलेला नसतो. निकाल आपल्याविरुद्ध गेला, एवढ्यावरून तो चूक ठरत नाही. म्हणून ही कारणे द्यावी लागतात, आणि कोणी ती खोडली तर ऐकून घ्यावे लागते.

यापुढे पत्रकाचा मसुदा बैठकीत आला की एकीने प्रत्येक ओळीला "कशावरून?" विचारावे. काम पाळीपाळीने करावे, म्हणजे एकटीच सगळ्यांच्या नजरेत वाईट होणार नाही.