खिडकीचा न्याय वरच्या मजल्यालाही हवा

1992 च्या रोखे घोटाळ्यात नाव गाजले ते हर्षद मेहताचे. पण शेअर बाजारात ओतलेला पैसा आला बँकांतून. एका बँकेने दुसरीला रोखे विकल्याची पावती, म्हणजे 'बँकर्स रिसीट', द्यायची आणि रोखे मागाहून पोचवायचे, अशी रीत होती. बँक ऑफ कराडने दलालांसाठी पाठीशी रोखे नसतानाच अशा पावत्या दिल्या. जानकीरामन समितीने 4,000 कोटींहून अधिक रकमेचा घोळ उघड केला. कराडची बँक त्याच वर्षी बुडाली.

अशा वेळी ठेवीदाराचा राग निघतो तो खिडकीवरच्या कारकुनावर. लोकांचा अविश्वास खोटा नाही, पण तो चुकीच्या माणसावर कोसळतो.

बंधूंनो, तिकीट खिडकीवर किंवा टपाल बचत बँकेत शंभर रुपये कमी भरले, तर आपण ते स्वतःच्या खिशातून भरतो. कोट्यवधींच्या पोकळ पावत्यांवर सह्या करणाऱ्या साहेबांनाही हाच नियम लागला पाहिजे. तो लागेपर्यंत जनतेचा विश्वास परत मागण्याचा अधिकार बँकांच्या धुरिणांना नाही. ही मागणी बँक कर्मचाऱ्यांची एकट्याची नव्हे. ठेव आपलीही आहे.