डीजेचे टेबल आणि हॉलची रॉयल्टी
लग्नाच्या हॉलमध्ये किंवा लॉनवर बाहेरचा डीजे आणायचा, तर अनेक ठिकाणी जागेचे मालक वेगळी रक्कम घेतात. धंद्यात तिला ‘रॉयल्टी’ म्हणतात. जनरेटरचे पैसे बहुधा त्याहून निराळे. ही रक्कम यजमानांनी भरायची की डीजेने, हे सुपारी घेतानाच कागदावर यायला हवे. एरवी सामान उतरवतानाच दारात वाद होतो आणि ठरलेल्या बिदागीतून ती डीजेलाच सोसावी लागते. हे सरळ अन्यायाचे आहे. टेबलाचा प्रश्न साधा वाटतो, पण हॉलमधले जेवणाचे टेबल जेमतेम अडीच फूट उंच असते आणि उभ्याने मिक्सर चालवणाऱ्याची पाठ त्यावर चार तासांत भरून येते. तीन-सव्वातीन फुटांचे, न डगमगणारे स्वतःचे टेबल बरे. ते स्पीकरच्या मागच्या बाजूला, नाचणारे दिसतील असे मांडावे. माइक स्पीकरसमोर आला की शिट्टी वाजते. वायरी भिंतीकडेने नेऊन चिकटपट्टीने दाबाव्यात, पुढे झालर लावावी. सरकारने सूट दिलेले मोजके दिवस सोडले, तर उघड्या लॉनवर ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करावाच लागतो, त्यामुळे मांडणीत गेलेला अर्धा तास पुढे भरून काढता येत नाही.