पीएमसी बँक : ठेवीदारांच्या पदरी २०३२ ची प्रतीक्षा

मुंबई : पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह अर्थात पीएमसी बँकेवर रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध लादले, तेव्हा खातेदारांना सहा महिन्यांत अवघे एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. ओरड झाल्यावर ही मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढवण्यात आली. एक लाखावर पोहोचायला मात्र जून २०२० उजाडले.

सुमारे ११,६०० कोटींच्या ठेवी असलेल्या या बँकेने एकूण कर्जांपैकी जवळपास ७३ टक्के कर्ज एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाला दिले होते. ते दडवण्यासाठी २१ हजारांहून अधिक बनावट खाती दाखवली गेल्याचे तपासात पुढे आले. तत्कालीन व्यवस्थापकीय संचालकांनी रिझर्व्ह बँकेला पाठवलेल्या पत्रात ही लपवाछपवी २००८ पासूनची असल्याचे नमूद होते. म्हणजे दशकभर लेखापरीक्षक येत होते, तपासण्याही होत होत्या आणि बँकेला चांगले शेरे मिळत होते! अटका झाल्या त्या प्रवर्तकांना, बँकेच्या पदाधिकाऱ्यांना आणि काही लेखापरीक्षकांना. ज्यांच्या देखरेखीखाली हे घडले, त्या नियामकाने ठेवीदारांना काय उत्तर द्यायचे, हा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला.

न्यायालयांतूनही दिलासा मिळाला नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये याचिका ऐकण्यास नकार देऊन उच्च न्यायालयाची वाट दाखवली. बँकिंगविषयक निर्णय रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत येतात, अशी भूमिका घेत मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबरमध्ये निर्बंधांत हस्तक्षेप करण्याचे नाकारले. कायद्याच्या चौकटीत हे बसणारे असेलही. पण ज्या संस्थेविरुद्ध गाऱ्हाणे, तिच्याच दारी पुन्हा उभे राहण्याची वेळ ठेवीदारांवर आली.

त्यानंतर कायदे बदलले. ठेव विम्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये एक लाखावरून पाच लाख झाली. सहकारी बँकांवर रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढले. निर्बंध लागल्यास विम्याची रक्कम ९० दिवसांत देण्याची तरतूद २०२१ मध्ये झाली. लहान ठेवीदार त्यामुळे बऱ्याच अंशी सावरला. भरडला गेला तो आयुष्यभराची पुंजी एकाच बँकेत ठेवणारा निवृत्त माणूस.

जानेवारी २०२२ मध्ये पीएमसीचे युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीनीकरण झाले. या योजनेनुसार पाच लाखांवरील रक्कम हप्त्यांनी मिळते आणि पाच वर्षांअखेर एकूण आकडा पंधरा लाखांवर थांबतो. उरलेल्या पैशांसाठी दहा वर्षे, म्हणजे २०३२ पर्यंत थांबायचे. त्यातही ३१ मार्च २०२१ नंतर विलीनीकरणाची पाच वर्षे पूर्ण होईपर्यंत व्याज नाही. पुढे ते अवघे पावणेतीन टक्के. तीस लाखांची ठेव असलेल्या सत्तरीतल्या ज्येष्ठाला यातील निम्मी रक्कम ऐंशी ओलांडल्यावर मिळणार.

मुंबईतील न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेत फेब्रुवारी २०२५ मध्ये १२२ कोटींचा अपहार उघड झाला आणि तिच्यावरही निर्बंध आले. ऑगस्टमध्ये ती सारस्वत बँकेत विलीन झाली व ठेवीदारांच्या पूर्ण रकमा सुरक्षित राहिल्या. तेथील खड्डा लहान होता आणि सावरणारी बँक मोठी. पीएमसीच्या ठेवीदारांना यातले काहीच लाभले नाही.