पाणी मेले की काठही मरतो

मिठी नदीची आठवण मुंबईला पावसाळ्यात होते. 26 जुलै 2005 रोजी एका दिवसात सांताक्रूझ येथे 944 मिलिमीटर पाऊस कोसळला, नदी घराघरांत शिरली आणि महिनाभराच्या आत मिठी नदी विकास व संरक्षण प्राधिकरण अस्तित्वात आले. तेव्हापासून या नदीचा विचार होतो तो पुराचे पाणी वाहून नेणारा नाला म्हणून. पात्र किती रुंद, गाळ किती काढला, भिंत किती उंच, हेच चर्चेचे विषय. हे प्रश्न महत्त्वाचे आहेत, यात वाद नाही. परंतु नदी हा केवळ पाण्याचा मार्ग नसून जलचर आणि काठावरचे जीव यांना जोडणारा अन्नाचा दुवा आहे, याचा विसर मात्र सर्वांनाच पडला आहे.

विहार आणि पवई या तलावांच्या सांडव्यातून निघणारी ही सुमारे 18 किलोमीटरची नदी साकीनाक्याजवळून, विमानतळाच्या धावपट्टीखालून, कुर्ल्यामार्गे माहीमच्या खाडीला मिळते. तिच्या उगमाशी राष्ट्रीय उद्यानाचे जंगल आहे, तर मुखाशी तिवरांचे. मधल्या टप्प्यात गटारांचे पाणी, तेलाची पिंपे धुतलेला मळ आणि भंगाराच्या व धातूकामाच्या कारखान्यांचा निचरा तिच्यात मिसळतो. एका जंगलाला दुसऱ्याशी जोडणारा धागा साकीनाका-कुर्ला या पट्ट्यात तुटला आहे.

हा धागा म्हणजे काय, हे जपानी संशोधक शिगेरू नाकानो यांनी दाखवून दिले. होक्काइदो बेटावरील एका ओढ्यावर त्यांनी आच्छादन घातले आणि झाडांवरून पाण्यात पडणारे किडे रोखले. तेव्हा मासे तळाच्या कीटकांकडे वळले, त्या कीटकांची संख्या घटली आणि त्यांच्या खाण्यातून सुटलेले शेवाळ माजले. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात नाकानो व मुराकामी यांनी हिशेबच मांडला. तेथील माशांच्या वार्षिक ऊर्जेपैकी सुमारे 44 टक्के जमिनीवरील किड्यांतून येत होती, तर काठच्या पक्ष्यांच्या ऊर्जेपैकी सुमारे 26 टक्के पाण्यात वाढून पंख फुटलेल्या कीटकांतून. पाणी आणि जमीन एकमेकांची ऋणकोही आहेत आणि धनकोही.

प्रदूषण या व्यवहारावर दोन बाजूंनी घाला घालते. पहिली बाजू उपासमारीची. सांडपाण्यातील घाण कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो. प्राणवायूवाचून चतुर आणि टाचणी यांची पिल्ले तग धरत नाहीत. उरतात त्या गाळात राहणाऱ्या लाल अळ्या आणि घाण पाण्यातच पोसणारे क्युलेक्स डास. डासांच्या अळ्या खाणारी चतुराची पिल्ले व मासे पाण्यातून नाहीसे होतात, उडते डास टिपणारे चतुर काठावरून नाहीसे होतात, आणि मोकळ्या रानात डास माजतात. काठच्या वस्तीत संध्याकाळी दारे लावून घ्यावी लागतात, ती नुसत्या अस्वच्छतेमुळे नव्हे. शिकारी मेले आणि शिकार उरली, हेही त्याचे कारण आहे.

दुसरी बाजू विषाची, आणि ती अधिक कपटी आहे. अळीचा कीटक होताना शरीरातील जड धातू बऱ्याच अंशी टाकले जातात. म्हणून धातूंचा मार अळ्यांवरच अधिक बसतो. विद्युत रोहित्रांच्या तेलात एके काळी वापरल्या जाणाऱ्या पीसीबीसारखी चरबीत विरघळणारी द्रव्ये मात्र कीटकाबरोबर पंख घेऊन बाहेर येतात आणि कोळी, पक्षी, वटवाघळे यांच्या अंगात साठतात. ऑस्ट्रेलियातील मेलबर्नच्या ओढ्यांकाठी जाळी विणणाऱ्या कोळ्यांत साठाहून अधिक औषधांचे अंश आढळल्याचे 2018 साली प्रसिद्ध झाले. पाण्यात ओतलेले पाण्यातच राहते, हा समज तेवढ्याने खोटा ठरला.

या प्रकाशात नदीकाठच्या काँक्रीटच्या भिंतींकडे पाहावे. पूर अडवण्यासाठी त्या बांधल्या गेल्या, हे मान्य. परंतु जेथे भिंत आली तेथे झाडाचे पान पाण्यात पडत नाही आणि पाण्यातल्या अळीला वर चढायला गवताची काडी सापडत नाही. उद्या पाणी कितीही स्वच्छ झाले, तरी दोन्ही बाजूंनी चिणलेली नदी ही स्वच्छ गटारच राहील.

दोष केवळ पिंपे धुणाऱ्या मजुराच्या माथी मारणे सोपे आहे. ते न्याय्य नाही. जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा 1974 चा आहे. लहान कारखानदाराला स्वतःचे शुद्धीकरण यंत्र परवडत नसेल, तर सामायिक सोय उभारणे हे शासनाचे काम आहे. ती सोय दिल्यावरही जो नाल्यात ओततो, त्याच्यावर कारवाई करताना हात आखडू नये. वस्त्यांचे सांडपाणी नदीत पडण्यापूर्वीच अडवले पाहिजे. जेथे जागा उरली आहे तेथे भिंतीऐवजी मातीचा, झाडांचा काठ राखला पाहिजे. हे अशक्य नाही: माहीमजवळ मिठीच्या काठी कचऱ्याच्या जुन्या ढिगावरच महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभे राहिले.

आणि नदी सुधारली की नाही, याची मोजदाद केवळ उपसलेल्या गाळाच्या टनांत होऊ नये. पाण्यातील प्राणवायूबरोबरच काठावरचे चतुर, टाचण्या आणि कोळी यांची दरवर्षी गणना व्हावी. साकीनाका आणि कुर्ला येथील शाळा-महाविद्यालयांचे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली हे काम सहज करू शकतील. कंत्राटदाराचे देयक फुगवता येते. नसलेला चतुर कागदावर उडवता येत नाही. ज्या दिवशी तो साकीनाक्याच्या पुलाजवळ पुन्हा पाण्यावर घिरट्या घालील, त्या दिवशी मिठीला नदी म्हणण्याचा अधिकार मुंबईला परत मिळेल.