रुतलेले चाक आणि सुटलेला तोल

ऐन युद्धात कर्णाच्या रथाचे चाक भूमीने गिळले. ते वर काढण्यासाठी तो खाली उतरला आणि पुन्हा रथावर चढलाच नाही. ही कथा आपण शापाचे फळ म्हणून ऐकत आलो. पण तीत एक रोकडे व्यवहारज्ञानही आहे. चाक रुतले म्हणजे सर्वस्व बुडाले असे नव्हे. खरा घात होतो तो चाक काढण्याच्या घाईत.

या कथेचे स्मरण होण्यास कारण आमच्याच किनाऱ्यावर घडते आहे. जून २०२२ मध्ये वागातोर येथे एका पर्यटकाने भाड्याची मोटार थेट लाटांत नेली, ती वाळूत रुतली आणि पोलिसांना गुन्हा नोंदवावा लागला. त्यानंतरही असे प्रकार थांबलेले नाहीत. गाडी रुतली की बघ्यांचे कडे जमते, कोणी तरी दोर आणतो, कोणी तरी ट्रॅक्टर आणतो आणि जो तो हुकूम सोडू लागतो. या उत्साहात प्राण जाऊ शकतात, हे सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

किनाऱ्यापासून दूर, सौसर-पांढुर्णा भागात जामसांवली हे निद्रिस्त मारुतीचे प्रसिद्ध क्षेत्र आहे. १९५६ च्या पुनर्रचनेत हा टापू मध्य प्रदेशात राहिला, तरी तेथे मराठी नांदते आहे. कापूस-संत्र्यांच्या त्या मुलखातील काळी जमीन पावसात फुगते, चिकट होते आणि चाकाला गिळते. तेथील जाणता शेतकरी अशा वेळी बैलांवर आसूड ओढीत नाही. तो आधी गाडीतील ओझे उतरवतो, चाकापुढचा चिखल उकरतो, त्यात पऱ्हाट्या पसरतो आणि मग बैलांना सावकाश जोर लावू देतो. चिखल असो वा वाळू, नियम तोच आहे.

चाक जागच्या जागी फिरू लागताच चालकाने इंजिनाचा जोर कमी करावा. प्रत्येक गिरकीसरशी गाडी अधिक खोल जाते. माणसे उतरवावीत, चाके सरळ करावीत, चाकांपुढची व गाडीच्या पोटाखालची वाळू फावड्याने काढावी. टायरमधील हवा तीस पौंडांवरून अठराच्या आसपास आणली तर टायर पसरतो आणि भार अधिक जागेवर विभागला जातो. मग ज्या वाटेने गाडी आत आली त्याच वाटेने ती हळूहळू मागे घ्यावी. पक्क्या रस्त्यावर वेग घेण्यापूर्वी हवा पुन्हा भरावी.

एवढ्याने भागले नाही तरच दोर. आणि धोका येथेच आहे. ताणलेल्या दोरात बळ साठते. ओढणाऱ्या गाडीचा वेग दुप्पट झाला तर हिसक्यातील ऊर्जा चौपट होते. दोर तुटला किंवा आकडा निखळला तर तो गोळीसारखा सुटतो. ट्रेलर जोडण्याच्या गोळ्याला दोर बांधल्यामुळे तो तुटून माणसे दगावल्याच्या घटना ऑस्ट्रेलियात घडल्या आहेत. म्हणून दोर केवळ त्यासाठीच बनविलेल्या मजबूत कडीलाच बांधावा. बंपरला किंवा त्या गोळ्याला कदापि नव्हे. साधा दोर वा तारदोर असेल तर आधी तो ताठ करावा, मग संथपणे ओढावे. हिसका देऊ नये. दोरावर ओले पोते टाकावे, म्हणजे उसळी काहीशी आवरते. दोराच्या लांबीच्या दीडपट अंतराच्या आत बघ्यांना येऊ देऊ नये आणि दोन गाड्यांच्या मध्ये कोणीही उभे राहू नये. हुकूम देणारा एकच असावा.

आमच्या रापणकरांना हे शिकवावे लागत नाही. शेकडो हात एका दोरावर असतात, पण ओढ एका लयीत असते. त्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक असते: ओहोटीनंतर सुमारे सहा तासांत भरती पूर्ण होते आणि अमावास्या-पौर्णिमेला ती अधिक चढते. पाणी चाकांना लागले तर गाडीचा लोभ सोडून माणसे वर आणावीत, हाच शहाणपणा.

तथापि, गाडी काढण्याच्या कौशल्यापेक्षा ती वाळूत न नेण्याचा विवेक श्रेष्ठ. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग येथील वाळूत कासविणी अंडी घालतात; ती वाळू कोणाच्या मर्दुमकीचे मैदान नव्हे. शासनाने किनाऱ्याकडे जाणाऱ्या वाटा मोटारींना बंद कराव्यात, भाड्याने गाडी देणाऱ्यांवर ग्राहकास लेखी ताकीद देण्याचे बंधन घालावे आणि किनारी पंचायतींतील निवडक तरुणांना गाडी सोडविण्याचे शिक्षण द्यावे. दंड तर हवाच. पण दंडाची पावती फाटेपर्यंत एखाद्या मदतीला धावलेल्या पोराचा जीव गेलेला नसावा. चूक एकाची आणि बळी दुसऱ्याचा, असे आमच्या किनाऱ्यावर घडता कामा नये.