फोन कोणता, आणि कोणाचा?



गेल्या काही महिन्यांत गटांच्या बैठकांमधून एक प्रश्न सारखा येतो आहे. "ताई, पंधरा-वीस हजारांत कोणता मोबाइल घ्यावा? फोन, व्हॉट्सॲप, बँक, एवढंच लागतं." चळवळीच्या अंकाने संपादकीयात बाजारहाट कशाला सांगायचा, असं काहीजणींना वाटेल. मला हा आपलाच प्रश्न वाटतो. आज बँकेपासून शाळेपर्यंत सगळीकडे ओटीपी मागतात. २०२४ साली 'लाडकी बहीण'चे अर्ज भरताना फोनवाल्याच्या दारात ताटकळलेल्या बायका आपण पाहिल्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) स्वतः वापरता येईल असा मोबाइल देशातल्या ५४ टक्केच स्त्रियांकडे असल्याचं आढळलं. उरलेल्यांचा ओटीपी कोणाच्या खिशात जात असेल?

बाईला काय, साधा स्वस्तातला फोन पुरे, हे तर घरोघरी ऐकू येतं. सरकारनेही तेच केलं. महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांना कामासाठी २ जीबी रॅमचे फोन मिळाले. ते तापत, अडकत, माहिती भरताना मध्येच बंद पडत. २०२१ मध्ये सेविकांनी ते फोन परत करण्याचं आंदोलन केलं. ते आंदोलन मला फार महत्त्वाचं वाटतं. हलकं अवजार हातात देऊन वर कामचुकारपणाचा ठपका ठेवायचा, ही रीत आपल्या ओळखीची आहे. म्हणून 'साधा वापर' म्हणजे 'हलका फोन' असं समजू नका. ज्यांना नवा फोन दर दोन वर्षांनी घेणं परवडत नाही, त्यांनाच टिकाऊ फोन लागतो.

दुकानात मेगापिक्सेलचे आकडे तोंडावर फेकले जातात. मागे तीन-चार भिंगं दिसतात, त्यातली एकदोन निव्वळ शोभेची असतात. तिकडे लक्ष देऊ नका. रॅम निदान ६ जीबी आणि साठवणीची जागा १२८ जीबी असावी. पेटीवर '६ अधिक ६' असं लिहिलं असेल तर खरी रॅम सहाच. बाकीची साठवणीच्या जागेतून उसनी घेतलेली असते. बॅटरी ५००० एमएएचची असली की दिवस निघतो. फोन दुकानाबाहेर उन्हात नेऊन बघा, अक्षरं दिसतात का. मराठीत बोलून टाइप करून बघा. कानात घालायच्या साध्या वायरीचं भोक आहे का, तेही बघा. दोन खोल्यांच्या घरात एखादीला समुपदेशकाचा आवाज दुसऱ्या कोणी न ऐकता ऐकायचा असतो.

आणि बोटाचा ठसा. धुणीभांडी, विडी, शेतकाम करणाऱ्या आपल्या बायांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, यंत्र त्यांना ओळखतच नाही. तेव्हा ठसा दुकानातच लावून बघावा. नाहीच जमला तर सहा आकडी पिन ठेवावा. लग्नाची तारीख किंवा मुलाचा वाढदिवस मात्र नको.

सर्वांत आधी विचारायचा प्रश्न दुकानदाराला सहसा आवडत नाही: सुरक्षेची सुधारणा किती वर्षं मिळणार? ती थांबली की फोन चालू राहतो, पण बँकेच्या कामाला भरवशाचा राहत नाही. सॅमसंगने २०२४ मध्ये गॅलक्सी ए१६ 5जी या मधल्या किमतीच्या फोनला सहा वर्षांचा शब्द दिला. हे नाव जाहिरात म्हणून घेत नाही (जाहिराती आपल्याला मिळतात कुठे!), इतर कंपन्यांच्या फोनचीही वर्षं विचारता यावीत म्हणून घेते. तालुक्याच्या गावी दुरुस्ती केंद्र आहे का आणि काच बदलायला किती पडतात, हेही पैसे देण्याआधी विचारा. 'बिनव्याजी' हप्ता म्हणजेही कर्जच. ते तुमच्या नावावर असेल आणि फोन दुसराच वापरणार असेल, तर सही करू नका.

फोन घेतला म्हणजे तो आपला झाला, असं मात्र नाही. आमच्याकडे मदतीला येणाऱ्या कित्येकींचं सिमकार्ड नवऱ्याच्या नावावर असतं. ती घर सोडते, तो नंबर बंद करतो, आणि बँक, आधार सगळ्यांची दारं एकाच दिवशी लागतात. सिम स्वतःच्या नावावर करून घ्या. गुगलचं खातं दुकानदाराने किंवा मुलाने उघडून दिलं असेल तर पासवर्ड बदला. तो ज्याच्याकडे आहे, त्याला तुम्ही कुठे आहात हे घरबसल्या कळू शकतं. व्हॉट्सॲपमध्ये 'जोडलेली उपकरणं' उघडून बघा. अनोळखी यंत्र दिसलं तर काढून टाका. पण घरात मार बसण्याची भीती असेल तर घाई करू नका. अचानक बदललेला पासवर्ड त्याच्या लक्षात येतो. आधी गटातल्या मैत्रिणीशी किंवा १८१ वर बोला, ते सुद्धा दुसऱ्याच फोनवरून.

पावती स्वतःच्या नावाने मागा. स्टार-हॅश-०६-हॅश दाबलं की पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक दिसतो, तो वहीत उतरवा. फोन हरवला तर पोलिसांत तक्रार देऊन 'संचार साथी'वर तो बंद करून घेता येतो, त्याला हा क्रमांक लागतो. ती वही घरात ठेवू नका, बचत गटाच्या पेटीत असू द्या.