माळवदाची माडी

काही वर्षांपूर्वी आम्ही पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा करवून घेतल्या. पैठण, गंगापूर, वैजापूर, कन्नड या तालुक्यांतल्या मुलामुलींनी आपापल्या आजीकडून ऐकून त्या लिहून आणल्या. त्या टंकलिखित करून एक छोटा संग्रह सिद्ध करण्याचे काम आम्ही तिघा सहकाऱ्यांनी वाटून घेतले. प्रत्येकाच्या संगणकावर एकेक फाइल होती आणि तिची नावे 'अंतिम', 'अंतिम नवीन', 'अंतिम दुरुस्त' अशी वाढत गेली. संग्रह हातात पडल्यावर एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, आजीच्या ओवीत माडी नव्हती, माळवद होतं. आमच्या गल्लीत माडी कुणाचीच नाही."

ती दुरुस्ती कोणी केली, हे आम्हां तिघांपैकी कोणालाही सांगता येईना. जुनी फाइल नव्या फाइलीखाली गडप झाली होती आणि मुलीचा हस्तलिखित कागदही सापडला नाही. आजींना पुन्हा विचारले, तर त्यांनी त्याच ओवीचे तिसरेच रूप सांगितले. मौखिक परंपरेत असे व्हायचेच. मात्र माळवद म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचा थर देऊन केलेले सपाट छप्पर. त्यावर धान्य वाळते आणि उन्हाळ्यात माणसे निजतात. माडी म्हणजे वरचा मजला. एका शब्दाच्या 'शुद्धीकरणा'ने आम्ही त्या बाईचे घरच बदलून टाकले होते.

ही चूक हातून घडली नसती तर संगणकाच्या आज्ञावली लिहिणारे लोक आपले काम कसे सांभाळतात, याची चौकशी आम्ही केली नसती. मुक्तस्रोत प्रकल्पांत, म्हणजे ज्यांची आज्ञावली कोणीही वाचावी, बदलावी आणि वाटावी अशा प्रकल्पांत, शेकडो माणसे एकाच संहितेवर एकाच वेळी काम करतात. त्यांची संहिता आमच्या ओवीसारखी का हरवत नाही? त्याचे उत्तर 'शाखा' या शब्दात आहे. मुख्य संहितेला हात न लावता प्रत्येक जण तिची एक शाखा काढतो, तिच्यात आपले बदल करतो, आणि ते इतरांनी तपासल्यावरच मुख्य धारेत विलीन होतात. प्रत्येक बदलासोबत तो कोणी केला, केव्हा केला आणि कशासाठी केला, याची नोंद राहते. नाकारलेली शाखाही ठेवायची म्हटली तर ठेवता येते.

लिनक्स हे याचे ठळक उदाहरण. लिनस टॉर्वल्ड्स यांनी 2005 साली याच कामासाठी 'गिट' ही प्रणाली लिहिली. लिनक्सच्या गाभ्याची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी निघते. त्यातील पहिले दोन आठवडे नव्या शाखा विलीन करण्याचे असतात. पुढचा काळ केवळ दोष दूर करण्याचा, तेव्हा नवे काही घेतले जात नाही. शिवाय जुन्या आवृत्त्यांच्या स्थिर शाखा वेगळ्या माणसांकडे असतात, आणि तिथला दंडक असा की दुरुस्ती आधी मुख्य धारेत मान्य झालेली असावी, मगच ती स्थिर शाखेत जावी. शाखा काढणे क्षणाचे काम, जुळवणे मात्र कष्टाचे. जी शाखा फार काळ वेगळी वाढते ती जुळवताना दमछाक होते, हे त्या क्षेत्रातल्या प्रत्येकाला अनुभवाने ठाऊक असते.

आम्हां मराठीच्या अध्यापकांना हे सारे नवे वाटायला नको होते. 'शाखा' हा शब्द आपल्याकडे वेदांपासून चालत आला आहे. पतंजलीच्या महाभाष्यात ऋग्वेदाच्या एकवीस आणि यजुर्वेदाच्या एकशे एक शाखांचा उल्लेख आहे. त्यांतल्या बहुतेक आज केवळ संख्येपुरत्या उरल्या, कारण म्हणणारे कंठ संपले. आणि पाठभेदांचा प्रश्न तर आमच्या दारातच उभा आहे. ज्ञानेश्वरी शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, सिद्ध झाली. पुढे जवळजवळ तीनशे वर्षे तिच्या हस्तलिखित प्रती होत राहिल्या आणि प्रतीगणिक पाठ बदलत गेले. शके 1506 मध्ये, 1584 साली, पैठणच्या एकनाथ महाराजांनी तिचा शुद्ध पाठ सिद्ध केला आणि त्यात कोणी आपली ओवी घालू नये असे बजावले. आजच्या भाषेत सांगायचे तर त्यांनी शाखा जुळवल्या आणि मुख्य धारेला कुलूप लावले. आज मराठी माणसाच्या घरात जी ज्ञानेश्वरी आहे, ती मुख्यतः याच श्रमाचे फळ.

नाथांचे ऋण मान्य करूनही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. त्यांच्यासमोर कोणत्या प्रती होत्या, कोणता पाठ त्यांनी स्वीकारला, कोणता सोडला आणि का, याचा तपशील आपल्यापाशी नाही. हाती राहिला तो निर्णय, निर्णयामागचा विचार नव्हे. म्हणून वि. का. राजवाडे यांना बीडच्या पाटांगण येथे मिळालेल्या प्रतीचे एवढे महत्त्व वाटले. नाथपूर्व म्हणून त्यांनी ती 1909 साली संपादून प्रसिद्ध केली आणि त्यावरून पुढे बराच वाद झाला. तो वाद मिटवायला हवा होता असा तपशीलच नव्हता, हे त्या वादाचे खरे कारण आम्हांला दिसते.

याच्या उलट उदाहरणही याच मातीत आहे. चक्रधरस्वामींचा वावर ज्या पैठण-वेरूळच्या परिसरात होता, त्याच्या लीळा म्हाइंभटांनी माणसांना विचारून विचारून तेराव्या शतकात गोळा केल्या. मूळ ग्रंथ पुढे हरवला आणि अनुयायांना तो आठवणीतून पुन्हा उभा करावा लागला, असे महानुभाव परंपरा सांगते. साहजिकच 'लीळाचरित्रा'चे अनेक पाठ झाले. पण त्यांतला एक निवडून बाकीचे पुसले गेले नाहीत. हिराइसेचा पाठ, परशरामबासांचा पाठ असे नाव घेऊन, कुठे 'वासना', कुठे 'शोधु' अशा संज्ञा लावून, वेगळी आठवण मूळ लीळेलगतच नोंदवलेली आढळते. कोणी काय सांगितले याची ही नोंद गिटच्या कितीतरी शतके आधीची आहे आणि आम्ही ती वर्गात पाठभेदांचा किचकट पसारा म्हणून घाईने ओलांडतो!

आधुनिक काळात पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने हीच शिस्त शास्त्रशुद्ध केली. 1919 साली सुरू झालेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती 1966 साली पूर्ण झाली. वि. स. सुखटणकरांनी उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील संहितांच्या परंपरा ताडून पाहिल्या आणि ज्यावर त्या सहमत आहेत ते अधिक प्राचीन मानले. गणपतीने महाभारत लिहून घेतल्याची सर्वश्रुत कथा या कसोटीवर मुख्य संहितेबाहेर गेली. पण ती फेकून दिलेली नाही, परिशिष्टात ती आहे. ज्याला सुखटणकरांशी भांडायचे आहे, त्याला भांडणाचे साहित्य सुखटणकरांनीच पुरवून ठेवले आहे. संपादकाच्या प्रामाणिकपणाची याहून मोठी खूण आम्हांला माहीत नाही.

मग साहित्याच्या अभ्यासकांनी आज्ञावलीकारांचे सारेच उचलावे काय? नाही. तिथे शाखा जुळवताना यंत्र न्यायनिवाडा करते. चाचणीत आज्ञावली चालली नाही तर दोष उघड होतो. ओवीला अशी चाचणी नाही. माळवदाची ओवी आणि माडीची ओवी दोन्ही जात्याच्या लयीत 'चालतात', आणि म्हणूनच आमचा हस्तक्षेप कोणाच्या ध्यानात आला नाही. आज्ञावलीत विलीनीकरण हे बहुधा शाखेचे साफल्य असते, वाङ्मयात मात्र ते कित्येकदा शाखेचा अंत ठरते. हेमा रायरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जमवलेल्या लाखाहून अधिक ओव्या आज सर्वांना खुल्या आहेत. त्यांचे मोल ओवीसोबत ती म्हणणाऱ्या बाईचे आणि तिच्या गावाचे नाव टिकले, यात आहे. एकच 'शुद्ध' ओवी सिद्ध करायची असती तर लाखभर ओव्यांची गरज नव्हती.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच आहे. शिकवायला आणि छापायला एक मुख्य पाठ लागतोच, तो ठरवण्याची जबाबदारी टाळू नये. परंतु मुख्य पाठ ठरवणे आणि इतर पाठ नाहीसे करणे या दोन भिन्न कृती आहेत. आपल्या विभागांत प्रकल्प, प्रबंध आणि हस्तलिखितांची लिप्यंतरे चालतात. तिथे विद्यार्थ्याची पहिली प्रत मार्गदर्शकाने कधीही पुसू नये. दुरुस्ती वेगळ्या प्रतीत करावी आणि तिच्यापुढे नाव, दिनांक व कारण लिहावे. त्यासाठी संगणक लागतोच असे नाही, रकाने आखलेली वही पुरे. लागते ती आपले कारण दुसऱ्याच्या तपासणीसाठी उघडे ठेवण्याची तयारी. प्राध्यापकपणाच्या सवयीत नेमकी तीच दुर्मीळ असते, हे आम्ही स्वतःवरून सांगतो.

संग्रहाची प्रत आम्ही पुन्हा तयार केली आहे. त्या ओवीच्या जागी आता आजींचे दुसऱ्या खेपेचे कथन आहे. खाली टीप आहे की पहिल्या कथनात 'माळवद' हा शब्द होता असे नातीला स्मरते, उरलेली ओळ उपलब्ध नाही. त्याखाली आणखी एक वाक्य आहे: 'माडी' हा पाठ संपादकांचा, आधार नाही.